दरियो कितला दूर शे

"वहिनी, आईना पाय देखात का तुम्ही?" कालीबाईनं विचारलं.

मी मागच्या अंगणात खाटेवर बसून मोबाइलवर गोव्यातल्या हॉटेलांचे फोटो बघत होते. खोल्यांचे नाही, गॅलऱ्यांचे. कठड्याच्या दोन गजांमधून चार वर्षांच्या मुलीचं डोकं जाईल की नाही, ते फोटोवरून काही केल्या कळत नव्हतं.

"काय व्हयनं पायस्ले?"

"जोडवा नहीत पायमा. काढी टाक्यात."

"अवं, गोवाले जावानं शे ना. गाडीमा चोऱ्या व्हतस, म्हनीसन मीच सांगेल शे त्यास्ले, चांदी-बिंदी घरमाच ठेवा."

कालीबाईनं कापसाचं गाठोडं खाली टाकलं आणि त्याच्यावरच बसली. ती धडगावकडची, सातपुड्यातली. नवऱ्याबरोबर दरवर्षी वेचणीला आमच्या मळ्यात उतरते. घरी पावरी बोलते, आमच्याशी अहिराणी. आणि एकदा सांगितलेलं सहसा पुन्हा सांगत नाही. त्या दिवशी मात्र तिनं सांगितलं.

"कडा काढतस, वहिनी. जोडवा कोन काढस नवरा जिता ऱ्हाईसन? पाय सुजेल शेतस त्यास्ना. बोटमा रुतना व्हतीन, म्हनीसन काढात. जरा देखी ल्या."

"दिनभर उभ्या ऱ्हातस. सुजतीनच," मी म्हणाले आणि पुढचा फोटो उघडला. त्या हॉटेलात पोहण्याचा तलाव होता. मी ते तिथल्या तिथे बाद केलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, जसोदाबाई. कळसाडीत लग्न होऊन आल्या आणि कळसाडीच्याच झाल्या. केळीची लागवड, कापसाची वेचणी, उसाच्या तोडीला आलेल्या माणसांच्या भाकरी, पापड, कुरडया, दोन गाई, एक नवरा, एक मुलगा, आणि मागून आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी धनू. बाजाराला शहादा, लग्नांना नंदुरबार, पर्वणीला तापीकाठचं प्रकाशा. त्यांच्या पायाखालची पृथ्वी एवढीच. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा "कोनले पेवाना शे का?" असं दुसऱ्याला विचारूनच टाकायच्या.

म्हणून गोव्याचं ठरलं त्या दिवशी आम्ही सगळे चमकलो. धनूचं चित्रांचं पुस्तक उघडं होतं. एका पानावर नुसतं निळं पाणी आणि एक होडी. धनूनं विचारलं, "आजी, हे काय आहे?" आई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

"दरियो व्हई," त्या म्हणाल्या. आमच्या घरातली जुनी माणसं समुद्राला दरियोच म्हणतात; आमची मुळं गुजरातकडची. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेमांगी, तू कॉलेज शिकेल शे. तापीमाय जठे जास, तो दरियो आठेथीन कितला दूर शे वं?"

मी उत्तर द्यायच्या आत हेमकांत ताटावरून ओरडला, "माय, तुले दरिया देखना शे? मंग गोवा! दिवाळीनंतर गोवाच जाऊत आपन!"

हेमकांत माझा नवरा. शहाद्याला ठिबकच्या नळ्या-फिटिंगचं दुकान चालवतो. आईसाठी काहीतरी मोठं करायचं, हे त्याच्या मनात कधीपासून होतं. काय ते सापडत नव्हतं. त्या क्षणी सापडलं. आई काहीतरी म्हणणार होत्या, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून थांबल्या आणि हसल्या. "चालस. जठे लई जाशी तठे जासू. दरियो ते दरियोच."

मग आमच्या घरात गोव्याशिवाय विषय राहिला नाही. माझ्या सासऱ्यांना, मोतीलाल नानांना, सगळ्यात आधी मोटरची काळजी.

"वेचनीना दिनमा गाव सोडानं? लाइट कवय येस, कवय जास. मोटर कोन चालू करी?"

"रेवजी करी," आई म्हणाल्या. रेवजी म्हणजे कालीबाईचा नवरा. "तो तुमनापेक्षा बरा करस. तुम्ही बटन दाबतस आनि झोपी जातस."

"हा, मी झोपस. आनि केळी आपोआप पिकी जातस."

समोरच्या मंछाकाकू रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन आईंना छळायच्या. "जसोदाबाई, गोवाले जाई ऱ्हायनी म्हने तू. आते बाटली बी धरशी का?"

"धरसू ना. पानीनी."

"आनि तठला बाया कशा कपडा घालतस, देखेल शे का टीव्हीमा?"

"घालतस कोठे?" आई म्हणाल्या, आणि दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आईंना ठसका लागला. तो ठसका बराच वेळ थांबला नाही. मंछाकाकू पाठ चोळत म्हणाल्या, "आते बस. नही ते आठेच गोवा व्हई जाई."

शिधा बांधायला सुरुवात झाली. खाकरे, मेथीचे थेपले, शेव, लिंबाचं लोणचं. नानांनी पिशव्या बघितल्या. "गोवामा लोके उपाशी ऱ्हातस का?"

"ताटमा मासा टाकी दिधा ते?"

"काढी टाकसू बाजूले."

"तुम्ही काढशात? तुमना काय भरोसा नही. तुम्ही त्याले भेंडी समजीसन खाई जाशात."

मी माझ्या परीनं तयारी करत होते. धनूसाठी हवा भरायचा कंबरपट्टा, तापाचं औषध, उलटीचं औषध, हातावर फोन नंबर लिहायला न पुसणारं पेन. लाटांत मुलं वाहून गेल्याच्या बातम्या मी वाचायचे आणि हेमकांतला वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, "तू दरियाले चालनी का लढाईले?" माझी नजर कायम धनूवर. जिन्यावर, विहिरीजवळ, चुलीजवळ, गाईच्या खुंट्याजवळ. लोक कौतुक करायचे, हेमांगीचं लक्ष असतं बाई सगळीकडे.

आता मागं वळून बघते तेव्हा कळतं, आजाराच्या एकेका खुणेला आईंनी गोव्याचं नाव देऊन ठेवलं होतं. जोडवी काढली, ती गाडीतल्या चोरांमुळे. हेमकांतचे मोजे घालून घरभर फिरू लागल्या. म्हणाल्या, तिकडे बूट घालावे लागतील, सवय करतेय. मोजे काढले की पोटऱ्यांवर वळ उठलेले असायचे. खाटेवर आडव्या न होता कोठीला पाठ टेकून बसून झोपू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गाडीमा असंच झोपनं पडी ना? आतेपासून शिकी लेस." धनूला तर ते इतकं आवडलं, की तीही आजीच्या मांडीला टेकून बसून झोपायची आणि दोघींचं गाडी-गाडी चालायचं. धनू शिट्टी वाजवायची. आई विचारायच्या, "कोनतं टेसन उनं वं?" धनूला एकच स्टेशन माहीत होतं. "नंदुरबार!" आई म्हणायच्या, "अजून नंदुरबारच? हाई गाडी ते चालतच नही."

एक दुपार मात्र मी विसरू शकत नाही. लाडवांची डाळ निवडत आम्ही दोघीच बसलो होतो. धनू झोपलेली.

"हेमांगी, तापीमा सोडेल काही दरियामा जास का?"

मला वाटलं, निर्माल्याबद्दल विचारताहेत. नवरात्राचे घट नुकतेच प्रकाशाला सोडून आलो होतो. मी बी.ए.ला भूगोल घेतला होता. नकाशा डोळ्यांपुढे होता.

"नही जात, आई. मधमा उकाईनं धरन शे. सगळं तठेच अडी जास."

त्यांचा हात ताटलीत थांबला. "अडी जास?"

"हा. गाळ-बिळ सगळा तठेच बठस."

बराच वेळ नुसती डाळ इकडची तिकडे होत राहिली. खडे कुठे जात होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"धरनले दारा ऱ्हातस ना?"

"ऱ्हातस ना. पूर ऊना म्हंजे उघडतस."

"उघडतस?"

"उघडनाच पडतस. नही ते धरन फुटी."

"मंग जास," त्या म्हणाल्या. "उशीर व्हई, पन जास." आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

दिवाळीच्या पाडव्याला नानांना ओवाळायला त्या ताट घेऊन उठल्या आणि तशाच खाली बसल्या. ताट पडलं नाही. आधी ते हळूच जमिनीवर ठेवलं, मग बसल्या. ओठ निळसर झाले होते. श्वास घेताना छातीतून पाण्यात फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. शहाद्याच्या डॉक्टरांनी मोजा खाली ओढला, पोटरीवर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरून येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे बऱ्याच दिवसांचं आहे. हृदय थकलंय त्यांचं. सुरतला घेऊन जा."

आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे सुरत. मुंबई-पुणे आम्हाला लांब. सुरतच्या रस्त्याला आमची सगळी दुखणी लागलेली. धनूला मंछाकाकूंकडे ठेवलं. गाडीत आई माझ्या खांद्यावर टेकून होत्या. नवापूर गेलं तसं त्यांनी विचारलं, "गोवानी गाडी सुरतवरथीनच जास ना?"

"हा माय," हेमकांत म्हणाला.

"मंग वाटमाच शे. वाया नही गयी हाई फेरी."

हॉस्पिटलात खिडकीजवळची खाट मिळाली. पाणी उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली, दोन दिवसांनी धाप कमी झाली आणि चेहऱ्याला जरा रंग आला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बाहेर बघितलं. खाली मोठा पूल होता आणि पुलाखाली रुंद, संथ पाणी.

"हाई कोनती नदी?"

"तापी," मी म्हणाले.

"आपली?"

"आपलीच, आई."

त्या उठून बसल्या. मी सलाइन सांभाळत पाठीला उशी दिली. "आठे ऊनी ही? धरन उलांडीसन?" खिडकीच्या गजाला हात धरून त्या नदीकडे बघत राहिल्या, गावाकडचं कुणी परक्या बाजारात अचानक दिसावं तसं. मग म्हणाल्या, "मंग दरियो आठेच व्हई."

अंगावरची चादर बदलायला आलेली मावशी सुरतेची होती. तिनं ऐकलं. "दरियो तो पासेज छे, बा. रिक्षामां पण जवाय."

"देख," आई मला म्हणाल्या. "रिक्षामा जाता येस."

त्या दिवसापासून त्या शहाण्या मुलासारख्या वागू लागल्या. बिनमिठाचं जेवण न कुरकुरता खाल्लं. गोळ्या मागून घेतल्या. डॉक्टर आले की स्वतःच पाय पुढे करायच्या. "उतरनी ना सूज? उतरनी ना?" घरी न्यायला परवानगी मिळाली. डॉक्टर म्हणाले, "सांभाळून. दगदग नको. प्रवास तर मुळीच नको इतक्यात." ते गोव्याबद्दल बोलत होते, हेमकांतनं विचारलं होतं.

गाडी हॉस्पिटलच्या दारात लागली. नाना पुढे बसले, आई आणि मी मागे. हेमकांतनं औषधांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि चावी फिरवली.

"हेमकांत," आई म्हणाल्या, "जाता जाता दरियो देखी लेऊत का रे? पासेच शे म्हने."

हेमकांत मागं वळला. त्यानं आईचा हात हातात घेतला. मी हे सांगते, कारण त्याच्या मनात त्या वेळी काय होतं ते मला माहीत आहे. त्याच्या मनात फक्त माया होती.

"माय, तो काय दरिया शे? काळी रेती, गढूळ पानी. लोके भजा खातस तठे, पोरे उंटवर बठतस. तुले मी गोवाना देखाडसू. निळाशार. तळ दिसस असा. तू बरी व्हई जाय पहिले. जानेवारीमा जाऊत."

"गढूळ ते गढूळ," आई म्हणाल्या. "आपलाच गाळ शे तो."

हेमकांत हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. "तू बी ना, माय! पहिल्यांदा देखशी ते चांगला देख ना."

नानांनी मागं वळून बघितलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. आईंनी डोळ्यांनीच त्यांना नाही म्हटलं. मी ते बघितलं. लक्ष असतं माझं सगळीकडे. पण मला वाटलं, म्हातारीला मुलाचं मन मोडायचं नसेल. माझा जीव तर कळसाडीत होता. सकाळीच मंछाकाकूंचा फोन आला होता, धनूला खोकला झालाय, रात्रभर आजीला विचारत होती. मी म्हणाले, "आई, जानेवारीमा धनू बी संगे ऱ्हाई. तिले सोडीसन कशा देखशात तुम्ही?"

"हा," त्या म्हणाल्या. "तेबी खरं शे."

गाडी वळली. समुद्र पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. पुलावरून जाताना आईंनी काच खाली करायला सांगितली. तापीवरचा वारा आत आला. त्यांनी हात बाहेर काढला, पंजा उघडा करून, आणि पूल संपेपर्यंत तसाच ठेवला. मी म्हणाले, "हात मझार ल्या, आई, बाजूथीन गाड्या येतस." त्यांनी लगेच आत घेतला.

पुढं फार काही नाही. आमच्या रद्द केलेल्या गाडीची तारीख उजाडायच्या आधीच एका सकाळी त्या कोठीला पाठ टेकून बसल्या होत्या, तशाच राहिल्या. धनू शेजारी बसून शिट्टी वाजवत होती. टेसन विचारलं गेलं नाही म्हणून ती मला सांगायला आली.

अस्थी प्रकाशाला नेल्या. केदारेश्वराच्या बाजूच्या घाटावर विधी झाला. गुरुजी गेले, भाऊबंद चहाला वर गेले. हेमकांत ओल्या धोतरानं पायरीवर उभा होता. नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "आठेच सोडं व्हतं तिलेबी."

"कोनले, नाना?" मी विचारलं.

"तुन्ही नणंदले. पहिली आंडेर."

हेमकांतनं मान वळवली. त्याला थोरली बहीण होती, हे त्याला माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललेलं नव्हतं.

"इतलीशी व्हती," नाना म्हणाले. "तोंडमा दात बी नही उना व्हता. दात नही येत तवलगून पोरले जाळतस नही. मन्ही माय बोलनी, तापीमायना ओटीमा द्या. मी लई ऊनू. हेमकांतनी मायले कोनी घाटवर येऊ दिधं नही. तवय बाया येत नव्हत्यात. ती घरमा बठेल व्हती आनि मी आठे." त्यांनी हाताचा द्रोण केला आणि तो पाण्याच्या दिशेनं हळूच उघडला. "मी घर गऊ ते तिनी माले एकच इचारं. कोनतीकडे गयी? मी सांगं, उगवतीकडथीन मावळतीकडे. पानी जास तिकडे."

खाली पाणी बंधाऱ्यानं अडवलेलं, हलतंय की नाही तेही कळू नये असं.

"तवयपासून तिना डोकामा तेच. पोर चाली ऱ्हायनी. पानीसंगे चाली ऱ्हायनी. पोचनी व्हई का? इतली वरीस व्हई गयात, पोचनी व्हई का? माले इचारे, मी सांगू, पोचनी व्हई. माले काय माहीत? मी कोठे देखेल शे दरियो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तिले धरननं सांगं ना, तवय दोन रात झोपनी नही. मंग एक दिन सकाळमा उठी आनि माले म्हने, धरनले दारा ऱ्हातस. उघडतस म्हने. हेमांगी सांगस म्हने, आनि ती शिकेल शे."

मी पायरीवर बसले.

"नाना," हेमकांत म्हणाला. "तुम्ही गाडीमा काब्र नही बोलनात? सुरतले. एक शब्द बोलतात ते मी..."

"बोलनार व्हतू. तिनी ना पाडी." नाना त्याच्याकडे बघत नव्हते. "तू इतला हौसथीन सांगी ऱ्हायंता गोवानं. ती माले घर येवावर बोलनी, त्याले काही सांगू नका. त्याना जीवले लागी. आपली गयी ती गयी, आठे शे त्याले कसाले दुखाडानं?"

हेमकांत वर गेला आणि गाडीत जाऊन बसला. मी वर गेले तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी बंद होती. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "वीस किलोमीटर होतं गं. फारतर." घाटावर अहिराणी बोलणारा माणूस माझ्याशी एकदम पुस्तकी मराठीत बोलला, जसं तो दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतो.

आम्ही गोव्याला गेलो नाही. जाणारही नाही. हेमकांत एकदा म्हणाला की नानांना घेऊन सुरतेला जाऊ, त्यांना तरी दाखवू. नाना म्हणाले, "मी काय करू देखीसन? ती इचारी तवय सांगानं व्हतं. आते कोन इचारस?" त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

पण एक गोष्ट सुरू झाली आहे आणि तिच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. नाना अधूनमधून सकाळी कुणाला न सांगता निघतात. शहाद्याला जातो म्हणतात. मोटरचं काम आहे म्हणतात, बियाण्याचं काम आहे म्हणतात. जातात मात्र प्रकाशाला. एसटीनं उतरतात आणि घाटावर बसून राहतात. मंछाकाकूंच्या पुतण्यानं एकदा बघितलं, म्हणून आम्हाला कळलं. संध्याकाळी घरी येतात, हातपाय धुतात, जेवतात, धनूशी दोन शब्द बोलतात. धोतराचा काठ कधीकधी ओला असतो. मी विचारलं तर म्हणतात, "चूळ भरी." मी दर वेळी मागोमाग जाऊ शकत नाही, धनूला घेऊन त्या पाण्याकडे जायचा मला धीर होत नाही, आणि तिला सोडूनही जायचा होत नाही. हेमकांतला त्या घाटावर पाऊल टाकवत नाही.

तुमच्यापैकी कुणी शहादा-नंदुरबार रस्त्यानं येता-जाता प्रकाशाला थांबत असाल. दर्शनाला, चहाला, नुसते पाय मोकळे करायला. एवढंच करा. मंदिराच्या बाजूनं घाटाकडे उतरा आणि एकटे बसलेले कुणी दिसतात का बघा. उंच आहेत, पांढरी टोपी, डाव्या कानात सोन्याची बारीक बाळी, चपला नीट जोडून बाजूला ठेवलेल्या. मोतीलाल नाना म्हटलं की ओ देतील. काही सांगू नका, काही विचारूही नका, जेवलात का एवढंच विचारा. ते म्हणतील, बसची वाट बघतोय. तिथं बस येत नाही. हरकत नाही, हो म्हणा आणि थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा. आणि फार खालच्या पायरीवर बसलेले असतील, तर कृपा करून त्यांना थोडं वर यायला सांगा.